पाटीवरचा चार

पाटीवर चार होता. व्हर्लिन कुबिचेकने तो स्वतःच्या हाताने फिरवला होता, आणि आता ती पाटी लावलेली उंच काठी दोन्ही हातांनी धरून तो कोच टीसनकडे बघत होता. कोच टीसन पाटीकडे बघत होते. व्हर्लिनने हात लांब केला असता तर त्यांच्या डोक्यावरची टोपी हाताला लागली असती, एवढंच दोघांत अंतर.

कोचनी पाटी नीट पाहिली, मान डोलावली, मैदानाकडे वळले आणि तीन बोटं वर केली.

"आपटा! चेंडू आपटा, घड्याळ थांबवा!"

अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. गावातलं कॉलेज एका गुणाने मागे होतं आणि घड्याळात जेमतेम काही सेकंद उरले होते. गोलचे खांब इतके जवळ, की लाथेने चेंडू त्यांच्यामधून पार करून सामना जिंकणं कोणालाही जमलं असतं. त्यासाठीचा पोरगा हेल्मेट घालून कडेला तयार उभाही होता. दहा यार्ड पुढे सरकायला संघाला चार खेपा मिळतात; कितवी चालू आहे ते पाटी दाखवते. तिसऱ्या खेपेला चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवणं हे शहाणपण. चौथ्या खेपेला तेच करणं म्हणजे चेंडू उचलून समोरच्यांच्या पदरात टाकणं.

कोचचा मदतनीस स्टँडवरच्या खोलीतून कोचच्या कानात ओरडत असणार. पण कानावरचं यंत्र कोचनी काढून गळ्यात अडकवलं होतं. हल्ली त्याने त्यांचे कान दुखायचे.

व्हर्लिन बोलला नाही. काठीवाल्याने बोलायचं नसतं. ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, कोणत्याही बाजूच्या माणसाशी खेळाबद्दल शब्द काढायचा नाही. पांढरा सदरा घालून उभं राहायचं आणि ज्या गावात जन्म काढला त्या गावाशी आपलं काही देणंघेणं नाही असं दाखवायचं. पंचांनी कधीकाळी समजावलेला हा नियम व्हर्लिनने तेव्हापासून एकदाही मोडला नव्हता. आज त्याने काठी फक्त किंचित हलवली. पाटी वाऱ्याने हलावी तशी हलली.

चेंडू फेकणाऱ्या पोराने एकदा कोचकडे पाहिलं, एकदा पाटीकडे. कोचनी पुन्हा तीन बोटं दाखवली, या वेळी रागाने. पोरगा दुसऱ्या वर्षाचा होता. त्याने ऐकलं.

लांबुळका चेंडू जमिनीवर आपटून वाकडातिकडा उडाला. शिट्टी झाली. पंचाने हात दुसऱ्या दिशेला केला. स्टँडमधून आधी काहीच आवाज आला नाही, आणि मग एकदम आला. त्या गोंगाटातही व्हर्लिनला आपल्या बायकोचा, लव्होनचा आवाज वेगळा ओळखू आला.

कोच जागीच उभे होते. मग ते त्याच्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, फक्त कोडं होतं.

"तिसरी होती ना रे?"

"काठी घेऊन चल," पंच व्हर्लिनला म्हणाला. व्हर्लिन गेला.

संध्याकाळी बातमीदारांपुढे कोच एवढंच म्हणाले, "पाटीवर तीन होता. मी स्वतः बघितला." नाव कोणाचंच घेतलं नाही. पण ती पाटी कोणाच्या हातात असते हे गावातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. गुणफलकावरचा खेपेचा दिवा उन्हाळ्यापासून बंद, कॅमेरा चेंडूच्या मागे, आणि त्या गोंधळात सगळेच उभे. रविवारी चर्चबाहेर निम्मं गाव तीन म्हणत होतं, निम्मं चार, आणि दोन्हीकडची माणसं शपथा घेत होती.

सोमवारी सकाळी व्हर्लिन धान्य सोसायटीच्या वजनकाट्यावर बसला होता. मक्याची काढणी जोरात होती, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. ड्वेन प्रोखास्काने आपला ट्रक काट्यावर आणून उभा केला आणि खिडकीतून कोपर बाहेर काढलं. दोघं शाळेपासूनचे दोस्त.

"काय रे, मक्याचा तरी आकडा खरा दाखवतोस ना?"

"तुझ्या मक्याला अजून ओल आहे," व्हर्लिन म्हणाला. "आणखी दोन दिवस थांबला असतास तर बरं झालं असतं."

"मक्याचं सोड. म्हातारा सगळं तुझ्यावर ढकलून मोकळा झाला आणि तू इथे ओल मोजत बसलायस."

"त्यांनी माझं नाव घेतलेलं नाही."

"काठी कोणी धरली होती मग? माझ्या सासूने?"

व्हर्लिनने पावती खिडकीतून पुढे केली. ड्वेनने ती घेतली, पण ट्रक हलवला नाही. मागच्याने भोंगा वाजवला. ड्वेनने हात बाहेर काढून त्याला गप्प केलं.

"किती वर्षं झाली रे आपण हेच बघतोय? उजवीकडून पळ, पुन्हा उजवीकडून पळ, मग लाथ मार. पुढची चाल माझ्या गायी सांगतील. यंदा एक सामना जिंकलो, तोही समोरचा निम्मा संघ तापाने झोपला होता म्हणून. तूच म्हणतोस ना, म्हाताऱ्याने आता घरी बसावं?"

"म्हणतो."

"मग बोल की. आज संध्याकाळी हॉटेलात त्याचा रेडिओचा कार्यक्रम आहे. उठायचं, माइक घ्यायचा आणि एवढंच सांगायचं, पाटीवर चार होता. खोटं नाही, शिवी नाही. कॉलेजच्या मंडळाची निम्मी माणसं तिथेच चिली खात बसलेली असतात. परवा त्यांची बैठक आहे. परवा म्हातारा घरी."

"एवढं सोपं असतं तर."

"सोपंच आहे. तुलाच जड वाटतंय. कॉलेजात असताना पहिल्या वर्षीच्या संघात घेतलं होतं ना त्याने तुला? घेऊन बाकावरच बसवलं होतं, हे विसरू नकोस."

व्हर्लिन हसला. ते खरंच होतं. अख्ख्या हंगामात कोचनी त्याला फक्त एकदा मैदानात सोडलं होतं आणि तेव्हाही तो पडला होता. पण पुढे कधीही, कुठेही भेटले तरी कोचनी त्याला नावाने हाक मारली होती. तो पडला होता हे मात्र ते कधी बोलले नाहीत.

संध्याकाळी हॉटेलकडे जाताना गाडीत लव्होनने तोच विषय काढला. "मला त्या माणसाचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण तुझ्या आकड्यावर लोक आपला मका विकतात, व्हर्लिन. खरं आहे ते सांग आणि मोकळा हो."

"सांगणार आहे."

"मग तोंड असं का केलंयस?"

त्याने गाडी हॉटेलच्या आवारात वळवली.

हॉटेलात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती. एरवी या कार्यक्रमाला कोचच्या बायकोच्या, आर्डिसच्या मैत्रिणी आणि फुकट कॉफीसाठी येणारे दोन-तीन पेन्शनर एवढेच असायचे. आज लोक खिमा-राजम्याच्या चिलीत दालचिनीचा गोड रोल बुडवून खात दाराकडे नजर लावून बसले होते. ड्वेनने समोरचं टेबल धरून ठेवलं होतं.

व्हर्लिन कोट अडकवायला मागच्या बोळात गेला तर तिथे कोच टीसन एकटेच उभे होते. त्यांचाही कोट हातात होता.

"व्हर्लिन, बरं झालं भेटलास. एक विचारू?"

"विचारा ना, कोच."

"मला वाईट वाटेल म्हणून काही लपवू नकोस." त्यांनी बोळाच्या दाराकडे पाहिलं. "तीन होता, का चार?"

व्हर्लिनने दिवसभर ही दोनच अक्षरं तोंडात घोळवली होती. मोठ्या खोलीत, माइकवर, सगळ्यांसमोर ती सांगायची त्याची तयारी झाली होती. इथे, कोटांच्या रांगेत, ती जड झाली.

"चार होता, कोच."

"नक्की?"

"मीच फिरवला होता."

कोचनी मान डोलावली, शनिवारी पाटी पाहून डोलावली होती तशीच. "मला तीन दिसला," ते म्हणाले. "अजूनही डोळे मिटले की तीनच दिसतो. आर्डिस म्हणते डॉक्टरांना दाखवू. मी म्हटलं, आधी व्हर्लिनला विचारतो." त्यांनी कोट खुंटीला अडकवला. तो खाली पडला. व्हर्लिनने उचलून नीट अडकवला. कोच तोवर आत गेले होते.

रेडिओचा निवेदक क्लेटन हा चलाख गडी होता. त्याने हवापाण्यावर वेळ घालवला नाही. "कोच, सगळ्यांना एकच गोष्ट ऐकायचीय. शनिवारी काय झालं?"

कोच माइकच्या फार जवळ वाकले, त्यामुळे त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"मी म्हटलं होतं की पाटीवर तीन होता," ते म्हणाले. "आत्ता बाहेर मी व्हर्लिनला विचारलं. तो म्हणतो चार होता. व्हर्लिन म्हणतो म्हणजे चारच असणार. मला..." ते थांबले. पुढचा शब्द ते शोधत होते, आणि तो सापडत नव्हता. "मला तो दिसला नाही. बघत होतो, पण दिसला नाही."

मागून कोणीतरी नाकातून हसलं. आर्डिस टेबलावरच्या रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. मंडळातल्या एका गृहस्थांनी दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

झालं, व्हर्लिनला वाटलं. हवं होतं तेच झालं, आणि मला उठावंही लागलं नाही.

"व्हर्लिन इथेच आहे की," क्लेटन म्हणाला आणि माइक घेऊन टेबलांमधून वाट काढत आला. "काय व्हर्लिन, बरोबर?"

व्हर्लिन उभा राहिला. ड्वेनने खालून त्याच्या गुडघ्याला ढोसलं. समोर कोच टीसन त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर विनंती नव्हती. आपल्याबद्दल काय ठरतंय ते कळावं म्हणून माणूस जसा दवाखान्यात बाकावर बसून बघतो, तसे ते बघत होते.

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "कोचना मी बाहेर चुकीचं सांगितलं. लाज वाटली म्हणून. पाटी फिरवायला मला उशीर झाला. कोचनी बघितलं तेव्हा तीनच होता."

क्षणभर कोचना ते समजलं नाही. मग त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. चेहरा उजळला, अगदी लहान मुलाचा उजळावा तसा, आणि त्यांनी आर्डिसकडे पाहिलं. "बघ," ते म्हणाले. "मी सांगत नव्हतो?" माइक चालूच होता. मग ते व्हर्लिनकडे वळून हसले, बोट हलवत. "पोरा, तुला बाकावर का बसवलं होतं ते आता आठवलं मला."

सगळी खोली हसली. खूप वेळ हसली. तिथे आलेल्या प्रत्येकालाच हसायला काहीतरी हवं होतं. व्हर्लिनही हसला आणि खाली बसला. लव्होन हसली नाही. ड्वेनने चिलीचा वाडगा पुढे सरकवला, कोट घेतला आणि निघून गेला.

घरी परतताना लव्होनने गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "त्या माणसाला ते खरंच वाटलं."

"हो."

"म्हणजे आता तो डॉक्टरकडे जाणार नाही."

याचा व्हर्लिनने विचार केला नव्हता. तो गाडी चालवत राहिला.

बुधवारच्या बैठकीत मंडळाने कोच टीसनवर विश्वास व्यक्त केला आणि त्यांना पुढचं वर्षही दिलं. काठी दुसऱ्याच्या हातात देण्याचा निर्णय त्याच बैठकीत झाला, पण तो सांगायला कोणी आलं नाही. नवा माणूस शनिवारी पांढरा सदरा घालून उभा राहिला एवढंच. तो सामना कॉलेज मोठ्या फरकाने हरलं. व्हर्लिन स्टँडमध्ये लव्होनशेजारी बसला होता. आजूबाजूची माणसं म्हाताऱ्याच्या नावाने गळे फाडत होती. आता त्यालाही ओरडायची मोकळीक होती. त्याने दोनदा घसा खाकरला.

सोमवारी मका पुन्हा यायला लागला. ड्वेनचा ट्रक काट्यावर आला आणि थांबला. व्हर्लिनने खिडकी उघडली, पावती भरायला घेतली. ड्वेनने कोपर बाहेर काढलं नाही. ट्रकचं दार उघडल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत वजन बघायला ट्रकमधून कोणी उतरलं नव्हतं. ड्वेन उतरला, हात खिशात घालून खिडकीपाशी आला आणि टेबलावरच्या वजन दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावरचा आकडा वाचायला आत डोकावला.

काचेवर उजेड पडला होता, त्याला नीट दिसेना. व्हर्लिनने यंत्र उचलून त्याच्याकडे वळवलं आणि त्याचं वाचून होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.