गाठ न बघता

समाधानला ताप यायला लागून सात आठवडे झाले, तेव्हा नंदाने गोळ्यांची पट्टी टेबलावर आपटली.

"टीबीच आहे, बाई. तुमच्या वस्तीत दुसरं काय निघतं?" बिबवेवाडीच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मानेवरच्या गाठीला बोटही न लावता. वस्ती सोडून फ्लॅटमध्ये येऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहीत होता. पण डॉक्टरांना पत्ता जुनाच दिसला.

नंदाने एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत थुंकीच्या काचा तपासल्या होत्या. मुलाच्या तिन्ही काचा तिने जुन्या मैत्रिणीच्या लॅबमध्ये बसून स्वतः पाहिल्या होत्या. एक जंतू दिसेल तर शपथ! तरीही डॉक्टरांपुढे गप्प राहायची जन्माची सवय. रोज तिनेच त्या गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच आला होता.

"अगं, डॉक्टरांशी वाद घालू नये," भीमराव म्हणाले.

"अहो, छपन्न साली वडिलांचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेलात, ते काय मान खाली घालायला शिकायला?"

अंथरुणात घामाने भिजलेला समाधान हसला. "बाबा, रिक्षा बोलवा. आईचा ताप माझ्यापेक्षा जास्त आहे."

मोठ्या इस्पितळात गाठीचा तुकडा काढला. आठवड्याने डॉ. पूर्णिमाने रिपोर्ट नंदासमोर ठेवला.

"टी-पेशींचा कॅन्सर आहे. या लढणाऱ्या पेशी. शत्रू आला की प्रथिनं सोडून एकमेकींना निरोप धाडतात, जाग्या व्हा, वाढा. काम झालं की निरोप थांबतात. याच्या पेशी शत्रू नसतानाही निरोप सोडतात आणि आपलाच निरोप ऐकून वाढत जातात. ताप त्या निरोपांचाच."

"म्हणजे जंतू नव्हतेच."

"नव्हते."

"आणि हे इतके आठवडे?"

पूर्णिमाने खाली बघितलं. "आजार पसरलाय. उपचार उद्याच सुरू करू. लवकर आला असता तर आशा जास्त होती."

दुसऱ्या दिवशी समाधानच्या हातात सलाईन लागल्यावर नंदा थेट बिबवेवाडीला गेली. भरल्या दवाखान्यात तिने रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवला.

"लक्षणं तशीच होती हो. ताप, घाम, वजन कमी."

"होती. म्हणूनच गाठ बघायची असते. वस्ती नाही."

"बाई, बाहेर पेशंट खोळंबलेत."

"माझाही खोळंबला होता. सात आठवडे."

ती पेशंटच्या स्टुलावर बसली आणि उठली नाही.