पहिली पोळी

पस्तीस वर्षं मी परभणी जिल्ह्यात सरकारी पशुवैद्य होते, त्यामुळे मला तरी अक्कल असायला हवी होती. २०२०च्या मार्चमध्ये मुलाकडे, जयदीपकडे, आयर्लंडमधल्या एनिसला आले आणि विमानं बंद झाली. घरामागच्या कुंपणापलीकडे मार्टिनचं रान. त्यात चौदा बैल, सगळे मांसासाठी पोसलेले. हे ठाऊक असूनही मी रोज पहिली पोळी त्यातल्या एका तांबड्याला घालायला लागले. गोग्रास चुकवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. गाय नाही तर नाही, बैल तर आहे! त्याचं नाव ठेवलं तांबू.

"आई, नाव नका ना ठेवू," सून यामिनी म्हणाली. मी तिलाच झापलं.

मार्टिन सत्तरीचा, एकटा माणूस. कुंपणाशी येऊन तणतणायचा. "रेडिओवर सांगतात, शेतकरी आहे म्हणून देश उपाशी राहणार नाही. अन् मला भाव देताना यांचा हात आखडतो!" तीस महिन्यांच्या आतल्या जनावराला कत्तलखाना पूर्ण भाव द्यायचा. एक दिवस जरी वर गेला तरी भाव पाडायचा. त्याच्या बैलांना सप्टेंबरमधल्या एका शनिवारी तीस महिने भरत होते आणि नेमका कत्तलखान्यात कोरोना शिरला. तीन आठवडे टाळं. हा भाव हुकला तर पुढची वासरं घेता येणार नव्हती, गोठा कायमचा बंद. आदल्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, त्याला फोन आला: दुपारपर्यंत आणा, घेतो.

लॉरीचा ड्रायव्हर सोडला तर मदतीला कुणी नव्हतं, म्हणून त्याने मला हाक मारली. लॉरीकडे जाणाऱ्या लोखंडी गल्लीच्या मागच्या फाटकाबाहेर मी उभी राहिले. मार्टिन आत, काठी घेऊन. पाठीवर, माकडहाडावर सपासप हाणत त्याने तेरा जनावरं चढवली. मला ते बघवत नव्हतं. शेवटी राहिला तांबू. तो अडला, तशी मी मागून ओरडले, "चल रे तांबू, चल!"

रोज पोळीला बोलवायचे तोच आवाज. तो गर्रकन वळला आणि सरळ माझ्याकडे आला. मध्ये मार्टिन होता.

सहाशे किलोंनी त्याला फाटकावर चेपलं. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. मार्टिनच्या तोंडातून लाल फेस आला. तांबू मात्र गजांतून जीभ बाहेर काढून माझा हात शोधत होता.

मी जवळ पडलेला लोखंडी पाइप उचलला आणि तांबूच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. नाकाचं हाड फुटलं, रक्त माझ्या चष्म्यावर उडालं. तो हंबरला आणि आणखीच पुढे रेटला. जनावर घाबरलं की ओळखीच्या माणसाकडे धावतं, हे मी किती जणांना शिकवलं होतं! मार्टिनचे डोळे पांढरे व्हायला लागले. "मर, मर मेल्या!" मी किंचाळत होते. कुणाला म्हणत होते, देव जाणे.

मग पाइप टाकला आणि धावत लॉरीला वळसा घातला. ड्रायव्हर तेरा जनावरांच्या मागे अडसर लावत होता. बाजूच्या छोट्या दारातून मी आत शिरले, चढणीच्या फळीच्या वरच्या टोकाशी उभी राहिले आणि पंजा पुढे केला.

"तांबू, ये. पोळी."

तो वळला. मार्टिन खाली कोसळला. तांबू ठेचकाळत, रक्त गाळत, फळी चढून आला. रिकाम्या तळहातात त्याने फुटलेलं तोंड घातलं आणि चाटत राहिला. ड्रायव्हरने मागून फाटक पाडलं. मी बाजूच्या दारातून बाहेर पडले.

अँब्युलन्स मार्टिनला घेऊन गेली, लॉरी वेळेत पोचली. चौदाही जनावरांना पूर्ण भाव मिळाला. तांबूच्या फुटक्या तोंडाचे पैसे कापले नाहीत, डोकं तसंही फेकूनच देतात.

आठवड्याने मार्टिनचा हॉस्पिटलमधून फोन आला. आवाज अजून फाटका होता. "डॉक्टर, जीव वाचवलात. पण त्याला आत नेलंत तरी कसं?"

"आला आपणहून," मी म्हणाले आणि फोन ठेवला.