एका खेळाडूमागे दोन पास

एका खेळाडूमागे दोनच पास, आणि तेही डोळे स्वच्छ असतील तर. मास्तरांनी कुहीच्या शाळेच्या फळ्यावर हा नियम लिहिला आणि गावातल्या पुरुषमंडळींचे चेहरे पडले. एक्याऐंशी सालचा पावसाळा सरत आला होता. डोळ्यांची साथ जगभर हिंडून आता विदर्भात मुक्कामाला आली होती. घरोघरच्या दोऱ्यांवर हळदीत बुडवलेले पिवळे रुमाल वाळत होते, कारण आलेले डोळे हळदीच्या फडक्यानंच पुसायचे, हे सगळ्यांना पाठ. नुसतं पाहिलं तरी डोळे येतात, अशी समजूत असल्यानं माणसं एकमेकांशी बोलताना आभाळाकडे बघत. आणि नेमकी याच दिवसांत शाळांच्या खो-खोची अंतिम फेरी नागपुरात, प्रताप नगरच्या एका मैदानावर ठरली होती, आणि कुहीच्या मुली तिथवर पोचल्या होत्या.

एरवी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं गेली असती. माणसं म्हणजे अर्थात पुरुष. बायकांनी तिथं जायचं नाही असा काही कायदा नव्हता, पण म्हैस कोण दोहणार आणि चूल कोण पेटवणार, या दोन प्रश्नांपुढे कायद्याची गरजच पडत नसे. अंजनाबाईची शामला पाचवीपासून खेळत होती, आता नववीत होती, आणि इतक्या वर्षांत अंजनाबाईनं तिचा एकही सामना पाहिला नव्हता. तिला माहीत होतं ते नवऱ्याकडून ऐकलेलं. चंपतराव सामन्याहून आले की अंगणात उभे राहून, हातवारे करकरून सगळं सांगत. त्या सांगण्यात शामलेच्या पळण्यापेक्षा चंपतरावांच्या ओरडण्याचंच वर्णन जास्त असे. "मी असा बोंबललो, डावीकडून पय वं! मंग पयाली ते!"

दुसरा पास चंपतरावांनी आपले जुने दोस्त रुपराव यांना देऊन टाकला. विचारायची गरजही त्यांना वाटली नाही. अंजनाबाईला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं, पण मनातलं ओठांवर आणायची सवय तिला लागलीच नव्हती. ती तांदूळ निवडत राहिली.

पण सामन्याच्या आदल्या संध्याकाळी रुपरावांचे डोळे आले. दुसऱ्याच्या दुखण्यावर खूश होऊ नये हे अंजनाबाईला कळत होतं. तरी ती झाली.

"मी येऊ का जी?" तिनं विचारलं.

"तुले काय समजते त्यातलं?" चंपतराव म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण पास वाया जाईन. चाल."

म्हैस शेजारणीवर सोपवून दोघं सकाळच्या एस्टीत बसली. शामला कालच संघाबरोबर पुढे गेली होती. उमरेड रस्त्याला गाडी लागेपर्यंत चंपतराव डोळे चोळू लागले आणि सक्करदऱ्याला उतरेपर्यंत त्यांचे दोन्ही डोळे लालभडक झाले. घाबरले ते, पण हार मानणारे नव्हते. रस्त्यावरच्या एका टोपलीवाल्याकडून त्यांनी काळा गॉगल घेतला, चढवला आणि सायकलरिक्षात असे काही ऐटीत बसले, की अंजनाबाईला हसू दाबावं लागलं.

मैदानाच्या फाटकाशी स्पर्धेचे चिटणीस दत्तोपंत खुर्ची टाकून बसले होते. सडपातळ, खादीचा सदरा, आवाज शांत. त्यांनी पास पाहिले, मग गॉगल पाहिला.

"काका, जरा चष्मा काढता?"

"ऊन लागते मले," चंपतराव म्हणाले. आभाळ गच्च भरलेलं होतं.

दत्तोपंत हसले नाहीत. त्यांनी फक्त चंपतरावांच्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट केलं. खिशातून हळदीचा रुमाल हातभर बाहेर लोंबत होता. गॉगल विकत घ्यायचं सुचलेल्या माणसाला रुमाल आत सारायचं सुचलं नव्हतं.

"पोरीसाठी आलो जी इतक्या दुरून," चंपतरावांचा आवाज एकदम खाली आला.

"आत चोवीस पोरी आहेत, काका. सगळ्यांना परीक्षा आहेत पुढं." दत्तोपंतांनाही वाईट वाटलं असावं, कारण ते पुढचं वाक्य जमिनीकडे बघून बोलले. "काकू जाऊ शकतात."

अंजनाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला त्यांची खरोखर दया आली. पण पाय मात्र आधीच फाटकाच्या आत पडला होता.

"कंपौंडाच्या भिंतीजवळ बसजो!" चंपतराव मागून म्हणाले. "मी त्या बाजूनं उभा राहतो. काय होते ते सारं मले सांगजो!"

आत चुन्यानं गोल आखले होते, एका गोलात एक माणूस, मध्ये दोन-दोन हात अंतर. मोजकीच माणसं, त्यामुळं मैदान फार मोठं आणि शांत वाटत होतं. अंजनाबाई मागच्या भिंतीलगतच्या गोलात बसली. भिंत पुरुषभर उंच होती. शेजारच्या गोलात नागपुरातल्याच जरीपटक्याच्या, म्हणजे समोरच्या संघातल्या एका मुलीची आई होती. कौशल्या, असं तिनं आपण होऊन नाव सांगितलं, आभाळाकडे बघतच.

शिट्टी वाजली.

"काय होऊन राहिलं?" भिंतीपलीकडून आवाज.

"पोरी बसल्या रांगेत," अंजनाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "एक इकडं तोंड करून, एक तिकडं."

"ते मले मालूम हाये! कोण पयून राहिलं?"

"लाल रिबिनवाली."

"कोणाची?"

"दोन्हीकडच्या रिबिनी लालच हायेत."

"नंबर सांग वं, नंबर!"

"नंबर पाठीवर हाये. ते तोंड इकडं करून पयून राहिली."

भिंतीपलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. अंजनाबाई वळून मैदानाकडे बघे, दोन गोष्टी टिपे, पुन्हा भिंतीकडे वळून सांगे. तोवर मैदानात चार गोष्टी होऊन जात. चंपतराव विचारत, "आपले किती बाद झाले?" ती मोजू लागे. मोजून होईस्तोवर ते विचारत, "खांबाजवळ कोण हाये?" घामाघूम झाली बिचारी. शेतात धानाची रोवणी करताना इतकी दमली नव्हती.

"खो!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. अंजनाबाई भिंतीला सांगत होती की पंचांची टोपी पांढरी आहे, कारण चंपतरावांनी तेच विचारलं होतं.

"ताई," कौशल्या हळूच म्हणाली, "तुमची सात नंबरची ना?"

"हो."

"छान पळाली हो. आमच्या तिघींना दमवलं तिनं. आत्ताच बाद झाली." मग जरा अडखळून म्हणाली, "तुम्ही पाहिलंच नाही."

 अंजनाबाई इतक्या वर्षांनी आली, फाटकातून आत आली, मैदानात बसली, आणि भिंत बघत राहिली. कौशल्याचा राग यावा असं काही नव्हतं. नवऱ्याचाही आला नाही. आला तो स्वतःचा.

सामन्याचा शेवटचा डाव उरला होता. कुहीच्या मुलींची पळायची पाळी. शामला शेवटच्या तिघींत होती. तिच्या दोन सोबतिणी लागोपाठ बाद झाल्या आणि मैदानावर ती एकटी उरली.

"शामी आली का वं? काय होऊन राहिलं?"

अंजनाबाई उठली. पुढच्या ओळीत, दोरीला लागून, एक गोल रिकामा होता. तिनं फाटकाशी बसलेल्या दत्तोपंतांकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली. ती चालत गेली आणि त्या गोलात उभी राहिली.

"अवं! शामीची माय! बोल ना वं!"

ती मागं वळली नाही.

शामला पळत होती. घरी ओसरीतून उठवलं की सतरा वेळा "येतो ना" म्हणणारी, दळण आणायला पाय ओढणारी पोर ही नव्हतीच. ही कुणी वेगळीच होती. ती खांबाला वळसा घालत होती, अंग चोरून दोन मुलींच्या मधून निसटत होती, मागून हात आला की पाठ आत घेत होती, आणि हे सगळं करताना तिचा चेहरा इतका शांत होता, की अंजनाबाईला वाटलं, ही आपल्या पोटची, आणि आपण हिला आज पहिल्यांदा बघतो आहोत. डोळे भरून आले तेव्हा ती घाईघाईनं पदरानं पुसत राहिली. साथीची भीती नव्हती तिला. पाण्यामुळं दिसेनासं झालं असतं, ते नको होतं.

मागून हाका येत होत्या. "अंजने! बहिरी झाली का?" मग त्या हाकाही थकल्या. शामलेनं एकदा भिंतीकडे पाहिलं, ओळखीचा आवाज शोधत असावी, मग तिला दोरीजवळ आई दिसली. ती क्षणभर बावरली आणि पुन्हा पळू लागली.

लांब शिट्टी वाजली. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, काही रडू लागल्या. कोण हसतं आहे आणि कोण रडतं आहे याचा पत्ता अंजनाबाईला लागला नाही. ती सावकाश भिंतीपाशी परत आली.

"जिकलो का हरलो?" पलीकडून चंपतरावांचा आवाज फाटला होता. "सांग ना वं!"

"ते मास्तरले विचारा जी," अंजनाबाई म्हणाली. "मी मोजलं नाई. आपली शामी पयते कशी, ते मी पायलं."