दोघींच्या हातातला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. रंगाने काळपट, वजनाने नारळाएवढा, आणि एका बाजूने झिजून खोलगट झालेला. गिनी देशात मानोन लोकांचे एक गाव आहे. त्या गावामागच्या डोंगरावर माझे बहुतेक आयुष्य गेले. मला कोणी घडवले नाही. ओढ्याच्या पाण्याने मला गोल केले आणि एका चिंपांझी मादीने तिथून उचलून वर आणले, एवढीच माझी जन्मकथा.

तिने एका चपट्या खडकावर तेल देणाऱ्या ताडाची बी ठेवली आणि मला त्यावर हाणले. कवच फुटले, आतला गर निघाला. तिची पोर शेजारी बसून पाहत होती. पोरीला ते जमायला चार पावसाळे लागले. आधी ती बी माझ्याच डोक्यावर ठेवायची आणि खडक उचलायला जायची. पुढे तिची पोरे शिकली, त्यांची पोरे शिकली. कितीतरी हात माझ्यावरून गेले.

त्याच खडकावर गावातल्या बायकाही बिया फोडायला येत. अख्ख्या बियांचे ओझे डोंगरावरून खाली नेण्यापेक्षा नुसता गर नेणे सोपे पडते. यासा ही त्यांतलीच एक. तिची आणि फाटक्या कानाच्या एका चिंपांझी मादीची वेळ मात्र वेगळी असे; यासा सकाळी, ती दुपारी. दणका दोघींचा सारखाच. अंगठा तोकडा आणि दणका डाव्या हाताचा असला, की मी ओळखायचो, ही फाटक्या कानाची.

यासाचा थोरला भाऊ साये शहरातून येणाऱ्या अभ्यासकांना डोंगर दाखवी आणि चिंपांझींची मोजदाद ठेवी. एकदा तो खडकापाशी बसून बहिणीला म्हणाला, "लाखो वर्षांपूर्वी यांची नि आपली आजी एकच होती म्हणे. मग घरं वेगळी झाली."

"विभक्त झालो म्हणजे. भांडण कशावरून झालं?"

"भांडण नाही गं. काही जण जंगलात राहिले, काही बाहेर पडले."

"शहाणे ते जंगलात राहिले," यासा बी फोडत म्हणाली. "आणि आपली म्हातारी माणसं मेली की चिंपांझी होऊन या डोंगरावर येतात, हे आईने सांगितलंच होतं. तुझ्या साहेबांना उशिरा कळलं."

दोघे हसले. मलाही ते दिवस बरे वाटत होते.

मग कोरड्या वाऱ्याचे दिवस आले आणि गावात खोकला पसरला. ज्याला खोकला असेल त्याने डोंगर चढायचा नाही, असे साये घरोघर सांगून आला. पण यासाची लेक गार्माई तेव्हाच बाळंत झाली होती. नातवाच्या अंगाला चोळायला गराचे काळे तेल हवे होते आणि घरातले संपले होते. साये पलीकडच्या उतारावर गेला आहे हे पाहून यासा वर आली. बिया फोडताना ती तीनदा माझ्यावर खोकली. डोक्याच्या फडक्याच्या टोकाने तिने मला पुसले, अर्धी पपई खाल्ली, उरलेली तिथेच टाकली आणि गेली.

दुपारी फाटक्या कानाची आली. तिच्या पिल्लाला माझ्यावरचा गराचा चुरा चाटायची सवय होती. त्याने तो चाटला. पपईही दोघांनी खाल्ली. मी ते सारे पाहिले, पण दगडाला ओरडता कुठे येते?

सहा दिवसांनी जंगलात खोकला ऐकू येऊ लागला. डोळे मिटून ऐकले असते, तर तो माणसाचा नाही हे तुम्हाला कळले नसते.

यासा बरी होऊन पुन्हा आली, तेव्हा सायेने तिला झुडपामागेच अडवले. "पुढे जाऊ नकोस. ती बाळाला घेऊन बसलीय."

"बसू दे की."

"बाळ मेलंय, यासा. आठ दिवस झाले. सोडत नाहीये."

यासाने पाहिले. फाटक्या कानाचीने पिल्लू खडकाशेजारी ठेवले होते. एका हाताने ती मला उचलून बी फोडत होती, दुसऱ्या हाताने माश्या हाकलत होती. मग तिने ते सुकलेले पिल्लू खांद्यावर घेतले आणि चालू लागली.

ती झाडीत दिसेनाशी झाल्यावर यासा म्हणाली, "दादा, मी आले होते इथे. खोकला होता तेव्हा."

साये खाली बसला. "तोंड झाकलं होतंस?"

"नाही."

"त्याच आठवड्यात बाहेरचे पाहुणेही आले होते. त्यांच्यातला एक शिंकत होता. कुणाचं दुखणं कुणाला लागलं, कोण सांगणार?"

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"त्यासाठी नाही बोलत. खरंच ठाऊक नाही मला. कधी कळणारही नाही."

त्या साथीत डोंगरावरचे पाच चिंपांझी गेले. आठ उरले. गावाची बैठक बसली, तेव्हा यासाने मला टोपलीत घालून खाली आणले आणि सर्वांसमोर ठेवले. "या दगडावर मी खोकले होते," ती म्हणाली.

गावातल्या सर्वांत वृद्ध आजोबांनी विचारले, "तुझ्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, पोरी. मग का सांगतेस?"

"नातवाच्या अंगाला लावते ते तेल त्या दिवशीचं आहे, आजोबा. चोळताना हात थांबतो."

गार्माई बाळाला घेऊन उठली आणि निघून गेली. आपल्या बाळाचे नाव त्या मरणाशी जोडले गेले, म्हणून महिनाभर ती आईशी बोलली नाही.

त्या दिवसापासून बायका डोंगरावर बिया फोडत नाहीत. यासा रोज पायवाटेच्या तोंडाशी बसते. मीही तिच्याजवळच असतो. वर जाणाऱ्या प्रत्येकाचा आवाज ती ऐकते, नाक बघते. परवा दूर देशाचा एक तरुण कॅमेरा घेऊन आला. त्याला दोन शिंका आल्या, तशी यासाने काठी आडवी धरली.

"साधी सर्दी आहे, मावशी," तो म्हणाला. "दोन दिवसांत जाईल."

"तुझी जाईल," यासा म्हणाली.

तो मागे वळला.

मित्रांनो, माणूस आणि चिंपांझी एकाच कुळातले आहेत, हे तुम्ही पुस्तकात वाचाल आणि तुम्हाला त्याची गंमत वाटेल. मला मात्र भीती वाटते. नाते इतके जवळचे आहे, म्हणूनच तुमचा खोकला त्यांच्या छातीत इतक्या सहज शिरतो. तुम्हाला औषध आहे, अंथरूण आहे, उशाशी बसणारी आई आहे. त्यांच्यापाशी यातले फक्त शेवटचे आहे. तेव्हा त्यांच्यावर माया करायची असेल, तर ती थोडी लांबून करा.

सायेने काल मोजदाद केली. आता सात आहेत.