डावीकडची हरणं

आमच्या खासगी विद्यापीठाच्या संशोधन संकुलात पहिल्या मजल्यावर तीन खोल्या आहेत. पहिलीत गुळाचा चिकटपणा मोजतात. दुसरीत बासरी ऐकवली की म्हैस जास्त दूध देते का, ते शोधतात. म्हशी अर्थात वर येत नाहीत, बासरीवाला येतो. तिसरीत मी बसते, दीक्षा कांबळे, विषय वाहनचालकांचं वर्तन. गुळाच्या खोलीत निदान तोंडात टाकायला तरी काही मिळतं. माझ्या खोलीत एक स्टीअरिंग, तीन मोठे पडदे आणि कुरकुरणारी खुर्ची. या सगळ्याला मिळून सिम्युलेटर म्हणायचं. ते परदेशातून आलंय म्हणून दर गुरुवारी त्याला उदबत्ती ओवाळायची, हा बाळासो सरांचा नियम. सर माझे मार्गदर्शक. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही.

एका दूध संघानं आपले चौदा टँकरचालक आमच्याकडे तपासणीला पाठवले. जो नापास होईल तो टँकरवरून खाली, असं पत्रातच लिहिलं होतं. पडद्यावर सूचिपर्णी झाडांचा ओलसर रस्ता होता आणि दोन्ही बाजूंनी मधूनच हरणं आडवी येत होती. आमच्या लोकांनी पहिल्याच दिवशी मिळून एकशे एक हरणं मारली. सरांनी चहा पिता पिता निष्कर्ष काढला की कोल्हापुरी चालकाला ब्रेकचा शोध अजून लागलेला नाही.

मला संताप आला. मी मागे उभी राहून बघितलं होतं. हरीण दिसलं की प्रत्येकाचा तळहात आधी स्टीअरिंगच्या मधोमध बसत होता, आणि तिथे हॉर्नची वायरच जोडलेली नव्हती! "वाजवल्याबिगर त्ये बाजूला हुनार कसं?" एक चालक मलाच विचारत होता. मी सरांशी चार दिवस भांडले. शेवटी इलेक्ट्रॉनिक्सच्या लोकांनी अशी सोय करून दिली की हॉर्न वाजवला की हरीण दचकून मागे सरायचं. तेरा जण झटक्यात पास झाले.

राहिले यल्लाप्पामामा. नेसरीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, सत्तावीस वर्षं दुधाच्या टँकरवर, आणि गाडीला एक ओरखडा नाही. "ताई, मला दुसरं कायबी येत न्हाय बगा," असं ते हसत सांगायचे, पण ते खरंच होतं. टँकर गेला की माणूस गेला. हॉर्न जोडूनही त्यांनी नऊ हरणं मारली. नऊच्या नऊ डावीकडून आलेली.

हा आकडा माझ्याच तक्त्यात, माझ्याच अक्षरात होता. संशोधक म्हणवणाऱ्या बाईनं तो बघून काय करावं? मी डावा पडदा पुसला. मग खुर्ची उंच केली. मग म्हटलं, उंच केबिनमध्ये बसायची सवय असलेल्या माणसाला हे खेळणं कसं कळणार? खरं सांगायचं तर मला मामा आवडले होते. आणि त्याहून खरं म्हणजे, हे यंत्र आपल्या चालकांबद्दल खोटं बोलतं, असा लेख मी एका नियतकालिकाला पाठवून मोकळी झाले होते. त्यात सत्तावीस वर्षांचा निष्कलंक चालक उदाहरण म्हणून फार शोभून दिसत होता. संघाच्या वाहतूक अधिकाऱ्यांनाही मी फोनवर ठणकावून सांगितलं, "मशीन चुकतंय, मामा नाही. मी रस्त्यावर सिद्ध करून देते."

सरांनी रस्त्यावरच्या चाचणीला परवानगी दिली. नियमावली मात्र मीच केली, दोन पानी. केबिनमध्ये चालक आणि संशोधक सोडून तिसरा माणूस नको, कारण माणसं असली की चालकाचं वर्तन बदलतं. संशोधकानं बोलायचं नाही, कारण तेच.

गगनबावड्याहून भरलेला टँकर घेऊन सकाळी निघायचं होतं. मामांचा क्लीनर पिराजी डाव्या खिडकीशी आधीच बसलेला. मी त्याला उतरायला सांगितलं.

"मला उतरवू नगासा, मॅडम. सोळा वरसं झाली ह्या शिटावर बसतोय."

"एक दिवस नाही बसलात तर टँकर रडणार नाही."

"तसं न्हवं ओ..." तो मामांकडे बघत राहिला.

"उतर रं," मामा म्हणाले. "वडापच्या जीपनं ये मागनं."

पिराजी उतरला, पण दार काही सोडेना. मला वाटलं, काय हा हट्ट! मी दार ओढून घेतलं आणि मांडीवर तक्ता ठेवला.

घाटमाथा सोडून असळजच्या पुढे आल्यावर मामा म्हणाले, "ताई, डाव्या अंगाला काय काय हाय, सांगत ऱ्हावा की. तेवढंच मन रमतंय."

"मामा, मी बोलायचं नाही, असा नियम आहे. माझ्या बोलण्यानं तुमचं वर्तन बदलेल."

"बदलू दे की."

मी हसले आणि गप्प बसले. मामा हळू चालवत होते, गाडी रस्त्याच्या मधोमध, हॉर्नवरचा हात निघतच नव्हता. मी "अतिसावध" असं लिहून समोर दहापैकी नऊ गुण टाकले. किती खूश होते मी!

साळवण मागे पडलं. पुढे रस्त्याच्या डाव्या कडेनं शाळेच्या गणवेशातली एक पोरगी सायकलवरून चालली होती. समोरून एसटी आली. एसटीला वाट द्यायला मामांनी गाडी डावीकडे घेतली. मला पोरगी स्पष्ट दिसत होती. मला वाटलं, आता पाय उचलतील. आता ब्रेक लावतील. मी पेन हातात धरून वाट बघत होते, प्रतिसादाला किती वेळ लागतो ते मोजत होते. मोजत! अजून ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"मामा, पोरगी!" मी किंचाळले.

त्यांनी ब्रेकवर जवळजवळ उभं राहून गाडी थांबवली. टाकीतलं सगळं दूध मागून पुढे आदळलं, आणि बंपरखाली काहीतरी कडकन मोडलं. मी दार उघडून खाली उडी मारली. सायकलचं मागचं चाक टँकरच्या चाकाखाली होतं. पोरगी बाजूच्या गवतात उभी होती, कोपर खरचटलेलं, दप्तर छातीशी धरून.

मामा पलीकडून वळसा घालून आले. त्यांना बघून पोरीला कंठ फुटला. "ओ, दिसत न्हाय व्हय तुमास्नी?"

"न्हाय गं बाळा," मामा म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला खाली बसले.

मग त्यांनी तिथेच बसून सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली होती. काचबिंदू. डावा डोळा पूर्ण गेलेला, उजवा थेंबांवर चाललेला. पिराजी डावीकडून सांगायचा, डावी मोकळी, डावीला म्हैस, डावीला वळण, आणि मामा चालवायचे. दोन वर्षांत टँकरला ओरखडा नव्हता, कारण तो दोघं मिळून चालवत होते. आणि मी त्यातल्या एकाला नियम दाखवून उतरवलं होतं.

मी रस्त्यावरच ओरडले. "अहो, मी तुमच्यासाठी भांडत होते! सरांशी, संघाशी, सगळ्या जगाशी!"

"मी म्हटलं न्हवतं भांडा म्हणून."

मला त्यांचा राग येत होता, आणि ते तसे मातीत बसलेले बघून रडूही येत होतं. नऊ हरणं त्यांनी लपवली नव्हती. ती मी लपवली होती.

माणसं गोळा झाली. कुणीतरी पोरीला पाणी दिलं, कुणी तिच्या बापाला फोन लावला. मी तक्ता पिशवीत घालायला लागले, तशी मामांनी मान वर केली.

"आता आपिसात जाऊन लिवनार न्हवं?"

"लिहावं लागेल, मामा."

"मग हितंच सांगा. माज्यासमोर. मागनं नगं."

मी वाहतूक अधिकाऱ्यांना फोन लावला. आवाज मोठा ठेवला, म्हणजे मामांनाही ऐकू जाईल. काय झालं ते सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "यल्लाप्पामामा वाहन चालवायला अपात्र आहेत."

पलीकडून अधिकारी हसले. "काय मॅडम, परवा तर तुम्हीच म्हणत होता, मशीन खोटं बोलतंय. आता नेमकं खरं कोण, मशीन का तुम्ही?"

मामा उठले, पँटची माती झटकली आणि हात पुढे केला. मी फोन त्यांच्या हातात दिला.

"सायब, यल्लाप्पा बोलतोय. बाई खरं सांगत्यात, मला दिसत न्हाय. पिराजीला काय बोलू नगासा, त्यो म्या म्हटलं म्हणून करत हुता." त्यांनी एकदा टाकीकडे बघितलं. "आन दुसरा डायवर लावून द्या लवकर. दूध नासंल."