दुसऱ्याच्या नावावर

मागच्या सीटवर दोन खड्डे होते. शेजारी-शेजारी, उथळ, वरचं कापड घासून किंचित चमकणारं… लहान मुलाची खुर्ची वर्षानुवर्षं पट्ट्याने आवळून ठेवली की असे खड्डे पडतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने त्यांवर हात फिरवला नाही. दार उघडं धरून तो नुसता वाकून बघत राहिला, कामावर लिफ्टच्या खोबणीत बॅटरी मारून बघतो तसा — इमारतींच्या लिफ्ट तपासून शेरा मारायचा, ही त्याची नोकरी. आणि अवाक्षर न काढता बघत राहण्यात त्याचा हातखंडा होता.

"हल्ली मागे कोणीच बसत नाही," गाडी विकणारी बाई म्हणाली.

ती पोहायला शिकवायची. तिचं एरवीचं बोलणं तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जावं असं खणखणीत. पण हे एकच वाक्य हळू आलं, आणि त्यानंतर ती किल्ली बोटाभोवती फिरवत गप्प झाली. तेवढ्यावरून त्याने ओळखलं. ओळखलं, असं त्याला वाटलं.

मग त्याने फार चौकशी केली नाही. एक चक्कर मारली, क्लच थोडा वर लागत होता, ब्रेक ठीक. ती शेजारी बसून सांगत होती की आता आईजवळ राहायला जाणार, तिथे सगळं चालण्याच्या अंतरावर, गाडी दारात गंजत ठेवून काय करायचं… आणि तो हुंकार देत होता. त्याची आणि बायकोची आधीची गाडी लाल होती. त्यांची लेक ठकू गेल्यावर महिन्याच्या आत त्याने ती विकून टाकली. त्या गाडीला फक्त दवाखान्याचाच रस्ता पाठ झाला होता. बायको तेव्हा काही बोलली नाही. त्यानंतरही नाही. घरात ठकूचं नाव निघत नसे. त्यामागे भांडण नव्हतं की शपथ नव्हती, दोघांनी आपापल्या बाजूने दार ओढून घेतलं होतं इतकंच. आता बायकोची प्रयोगशाळा शहराबाहेर गेली, तिकडे बस नाही, तेव्हा एका सकाळी चष्मा पुसता-पुसता ती म्हणाली, "एक गाडी बघ. कुठलीही चालेल. लाल नको." एवढ्या वर्षांत त्या विषयाच्या इतक्या जवळ ती दोघं कधी गेली नव्हती.

त्याने घासाघीस केली नाही. बाईला नवल वाटलेलं दिसलं.

नंतरच्या आठवड्यात गाडी नावावर करायला तो आणि ती बाई वाहन नोंदणीच्या कार्यालयात गेली. बाहेर एका तपासनीसाने बॉनेट उघडायला लावलं, आतल्या पत्र्यावर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. पांढऱ्यावर एकेक आकडा उमटत गेला. मग आत, बाकावर, पुकारा होण्याची वाट बघत… उन्हाची तिरीप येत होती ती जागा त्याने स्वतःकडे घेतली. तिच्यासाठी पाणी आणलं. परक्या गावात आपल्या गावचं माणूस भेटावं तसं त्याला आत कुठेतरी निवांत वाटत होतं. काही विचारायचं नव्हतं, सांगायचं नव्हतं. हिला माहीत आहे, बस.

तिचा फोन वाजला.

"अरे फ्रीजमध्येच आहे, खालच्या कप्प्यात बघ. डोळे उघडून बघ," तिचा आवाज हॉलभर घुमला. "आणि बाबाचा रेझर परत जागेवर ठेव. चार केस आलेत, त्यांना कसली दाढी?"

दोन-चार माणसं हसली. फोन पर्समध्ये टाकत ती म्हणाली, "मुलगा. माझ्यापेक्षा उंच झालाय. आता पुढेच बसतो, गुडघे मावत नाहीत तरी. लहानपणी मागे पट्ट्याने बांधून बसवायचे याला. कसा भुर्रकन वाढला, कळलंच नाही."

त्याने मान हलवली. बरं वाटायला हवं होतं. वाटली ती चीड. फसवल्यासारखी, धडधाकट गाडी मोडकी म्हणून गळ्यात मारल्यासारखी. कुणाचं तरी पोर जिवंत निघालं म्हणून आपल्याला राग आला… हे वाक्य त्याने मनात नीट मांडलं, दोनदा वाचलं. शेरा सुचला नाही.

"तुम्हाला आहेत का मुलं?" तिने विचारलं.

याचं उत्तर 'नाही' असं होतं. ते त्याच्या जिभेवर घोटून बसलेलं होतं. ते दिलं की माणसं विषय बदलत.

"एक मुलगी," तो म्हणाला.

"कितवीत?"

"नववीत."

त्याने हिशेब केला नव्हता. बोटांवर वर्षं मोजली नव्हती. उत्तर आत तयारच होतं… म्हणजे दर वर्षी शाळा उघडली की आतलं कोणीतरी तिला वरच्या वर्गात घालत होतं? दुसरीत असताना गेलेली ठकू, पुढचा दात पडलेली, ही अशी गुपचूप पास होत आली होती, आणि बापाला पत्ता नव्हता.

"म्हणजे भूमितीने छळलं असेल. आमचा तिथेच अडकलाय."

"तिला जमते," तो म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा होता.

"पोहायला येतं का?"

"नाही."

"शिकवा हो. नंतर भीती बसते."

"बघू," तो म्हणाला, आणि ते खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही, याचंच त्याला थोडं भय वाटलं.

खिडकीवर पुकारा झाला. दोघांनी सह्या केल्या, कारकुनाने शिक्का मारला, गाडी त्याच्या नावावर झाली. बाईने दुसरी किल्ली हातात ठेवली आणि ती बसथांब्याकडे निघाली. सोडू का, असं विचारायला हवं होतं. पण तिने आणखी काही विचारलं असतं तर आपण सांगत सुटलो असतो.

गाडीत बसून त्याने बायकोला फोन लावला.

"झालं?"

"झालं."

"चालते ना नीट?"

"चालते."

फोनमध्ये तिच्यामागे प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांचा किणकिणाट ऐकू येत होता. "अजून काही?" तिने विचारलं.

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. हिला आत्ता, एकदम, 'कितवीत' असं विचारलं तर? हीसुद्धा न मोजता सांगेल? की… आजारपणात शाळेचं एक वर्ष बुडालं होतं. ते त्याने धरलं नव्हतं, पण तिने धरलं असेल. अशा बाबतीत ती पहिल्यापासून काटेकोर. तिच्या लेखी पोरगी अजून आठवीतच असेल. एका वर्षाने मागे. विनाकारण मागे — एवढी हुशार मुलगी!

"काही नाही," तो म्हणाला. "घरी आल्यावर बोलू."

पलीकडचा नळ्यांचा किणकिणाट थांबला. 'बोलू' हा शब्द तिच्याही कानाला नवा लागला असावा. मग तिने सावकाश ये म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याने गाडी सुरू केली. बऱ्याच वर्षांनी त्याला बायकोशी भांडावंसं वाटत होतं.