लाल चौकट

जमदग्नीला ढकलगाडीवरून वॉर्डात आणलं, तेव्हा चौकटबाई नर्सांच्या टेबलाखाली वाकून प्रिंटरची वायर बसवत होत्या. त्यांना आधी त्याचे पाय दिसले. एका पायात मोजा, दुसरा उघडा. मग त्या कमरेला हात देत उठल्या, तोंड पाहिलं, आणि वायर हातातच राहिली.

हा तोच. वाळून काडी झाला होता, पण भुवया त्याच. एके काळी या हॉस्पिटलचा सगळ्यात मोठा डॉक्टर. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. जिन्यात खाकरला तरी वरच्या मजल्यावरच्या नर्सा चादरी सारख्या करायला धावायच्या. जमदग्नी हे नाव त्या नर्सांनीच ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त त्याच्या दारावरच्या पाटीला ठाऊक होतं. आणि आता? गळ्याच्या मधोमध एक भोक, त्यातून श्वास फुसफुसत आत-बाहेर करत होता. कॅन्सरने स्वरयंत्र नेलं होतं. ज्या आवाजाला अख्खी इमारत टरकायची, नेमका तोच गेला. वरचा हिशेब चुकवत नाही म्हणतात, ते असं.

"आठवडाभर नुसता ओकतोय, पोटात काही ठरत नाही," असं सांगून त्याला आणणारा शेजारी निघूनही गेला. मुलगा दूरदेशी, बायको वारलेली. एवढ्या मोठ्या माणसाला दवाखान्यात आणायला शेजारी, तोही घड्याळ बघत.

खाली नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीने त्याच्या ओळखपत्रावरून नाव आणि जन्मतारीख टाकली. कॉम्प्युटरने सांगितलं, हा रुग्ण आपल्याकडे आधीच आहे. मुलीला आनंद झाला, नवा फॉर्म भरायचं वाचलं. तिने तीच जुनी नोंद उघडून वर पाठवली.

चौकटबाईंनी टेबलावरच्या पडद्यावर ती नोंद पाहिली आणि दोनदा वाचली. कारण ती नोंद खोटी होती, आणि ती त्यांनीच केलेली होती.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही बाईंना उगाच बोल लावाल. लावायचाच असेल तर ऐकून लावा.

चौकटबाई मुळात नर्स. त्या काळी डॉक्टर कागदावर औषध लिहायचे, आणि जमदग्नीचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी कागदावरून चालवलेली. एकदा त्याने एका सुताराला औषध लिहिलं. धट्टाकट्टा माणूस, लहान लेकरांचा बाप. डोसचा आकडा काही वाचता येईना. त्या पोरीने, हो, तेव्हा बाई पोरच होत्या, कागद घेऊन त्याला विचारलं. त्याने अख्ख्या वॉर्डासमोर दोन्ही तळहात एकमेकांवर घासून दाखवले. "वाचता येत नसेल तर भांडी घासायला जा." सगळे हसले. तिने औषधांच्या खिडकीवर विचारलं, तिथेही अंदाजपंचेच. शंभर दिसतंय म्हणाले. शंभर दिलं. सुतार संध्याकाळ बघायला राहिला नाही.

चौकशी बसली. जमदग्नीने खिशातून चष्मा काढला, कागद हातभर लांब धरला आणि एका दमात घडाघडा वाचून दाखवलं. "दहा. स्वच्छ दहा लिहिलंय. यात शंभर कुणाला दिसतं?" समितीने माना डोलावल्या. एवढा मोठा माणूस वाचतोय म्हटल्यावर कागदाकडे कोण बघतंय! पोरीला वॉर्डातून काढून तळघरात बँडेजच्या घड्या घालायला बसवलं. ठरलेलं लग्न मोडलं, "माणूस मारलेली सून नको" असं होणाऱ्या सासूने तोंडावर सांगितलं. वडिलांनी त्या धक्क्याने अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. सुताराची बायको कितीतरी दिवस फाटकापाशी येऊन उभी राहायची. बाई मागच्या दाराने जायच्या.

पुढे कॉम्प्युटर आले, ते अशाच मेलेल्या माणसांच्या पुण्याईने. डॉक्टरने औषध टाइप करायचं, ते छापील अक्षरात सगळ्यांना दिसायचं, आणि यंत्राने आधी रुग्णाची नोंद तपासायची. एखादं औषध त्या माणसाला चालत नसेल तर पडदाभर लाल चौकट यायची. चौकटीतून पुढे गेल्याशिवाय औषधांचं पोलादी कपाट उघडायचं नाही. जमदग्नीने आकाशपाताळ एक केलं. माझ्या पेनाला हे खोकं शिकवणार काय, म्हणाला, आणि चिडून निवृत्त झाला. सुंठीवाचून खोकला गेला. बाई मात्र तळघरात बसून टायपिंग शिकल्या होत्या. हळूहळू सगळ्या नव्या डॉक्टरांना शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. धडा एकच. "लाल चौकट आली की थांबायचं. हुशारी करायची नाही." हे त्यांनी इतक्या वेळा घोकून घेतलं की त्यांचंच नाव चौकटबाई पडलं.

शिकवायला एक खोटा रुग्ण लागायचा. बाईंनी तो तयार केला आणि त्याला जमदग्नीचं खरं नाव दिलं, खरी जन्मतारीखसुद्धा. त्याला हायड्रोकॉर्टिझोन या औषधाची भयंकर ॲलर्जी आहे असं लिहिलं, म्हणजे पोरांनी ते टाइप केलं की चौकट कशी येते ते दिसावं. पहिल्या तुकड्या हसून लोटपोट व्हायच्या. बाईही हसायच्या. त्या घरी हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मग वरून कुणीतरी दटावलं, तेव्हा बाईंनी दुसरा खोटा रुग्ण केला. पहिला पुसायला हवा होता. पण पुसवेना. एवढं एकच सुख होतं, ते कसं पुसणार? त्यांनी तो नुसता झाकून ठेवला. पुढे नवी यंत्रणा आली आणि जुनं सगळं सरसकट नव्यात ओतलं गेलं, खऱ्याबरोबर खोटंही.

तर आता तो खोटा रुग्ण खरा होऊन खाटेवर पडला होता.

वॉर्डातला नवा डॉक्टर भला मुलगा, बाईंचाच विद्यार्थी. त्याने सलाईन लावलं, पण रक्तदाब काही वर येईना. "आजोबा, काय होतंय?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. आजोबांना काय होतंय ते पक्कं माहीत होतं. सांध्यांसाठी तो वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होता, चोरून, कारण जमदग्नीला आजार असतो हे कुणाला कळता कामा नये. त्या गोळ्या शरीराला एकदा सवयीच्या झाल्या की अचानक बंद पडून चालत नाही. उलट्यांमुळे आठवडाभर एकही पोटात टिकली नव्हती. आता एकच इलाज, त्याच जातीच्या स्टेरॉइडचं, हायड्रोकॉर्टिझोनचं इंजेक्शन. ते मिळालं तर उद्या सकाळी चहा पिईल, नाही मिळालं तर संपला.

त्याने खाटेपाशी आलेल्या बाईंकडे बघून चुटक्या वाजवल्या. पेन, पेन. ओळख? अजिबात नाही. तो त्यांच्याकडे भिंतीवरच्या बटणाकडे बघावं तसा बघत होता.

बाईंनी खिशातलं पेन दिलं, दोन कोरे कागद दिले. त्याने खसाखसा लिहिलं. नव्या डॉक्टरने कागद सरळ धरला, आडवा धरला, उलटा धरला. त्याची पिढी छापील अक्षरावर वाढलेली, त्याने असली कोंबडी कधी पाहिली नव्हती.

"मॅडम, तुम्ही जुन्या. तुम्हाला लागतंय का बघा ना."

बाईंना एका नजरेत लागलं. हायड्रोकॉर्टिझोन शंभर, शिरेतून, लगेच. त्या अक्षराने त्यांचं वाटोळं केलं होतं, त्यातली वेलांटी न् वेलांटी त्यांच्या डोळ्यांसमोर रात्रंदिवस नाचली होती. आणि खरं सांगायचं तर त्या सांगणारच होत्या. तोंड उघडलंसुद्धा होतं. शेवटी नर्स ती नर्स.

पण म्हाताऱ्याला धीर नव्हता. त्याने भुवया चढवल्या आणि सलाईनची सुई सांभाळत दोन्ही तळहात एकमेकांवर घासून दाखवले.

तीच खूण. म्हणजे ते वाक्य काही बाईंसाठी खास नव्हतंच. ती त्याची सवय होती. ज्या वाक्याने आपलं लग्न, आपला बाप, आपलं तरुणपण खाल्लं, ते त्याच्या लेखी शिंक आल्यासारखं होतं, उठसूट कुणालाही.

बाईंनी तोंड मिटलं. मग म्हणाल्या, "नाही हो. वाचता येत नाही."

म्हातारा त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याला घाम फुटला होता, ओठ पांढरे पडत चालले होते. त्याने कागद हिसकावला, पालथा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू लिहिलं. पहिलीतल्या मुलासारखं, एकेक अक्षर सुटं, जीभ दातांत धरून. लिहिता लिहिता दोनदा पेन गळालं, दोनदा नव्या डॉक्टरने उचलून दिलं.

"हायड्रोकॉर्टिझोन!" नव्या डॉक्टरचा चेहरा उजळला. "आजोबा, तुम्ही स्टेरॉइड घेता? आधी नाही का सांगायचं!" त्याने खाटेजवळचा कॉम्प्युटरचा पडदा स्वतःकडे ओढला, औषध टाइप केलं, आणि पडदाभर लाल चौकट आली.

त्याचा हात थबकला. त्याने पडदा म्हाताऱ्याकडे वळवला. "अरेच्चा. आजोबा, तुम्हाला याची ॲलर्जी आहे. भयंकर म्हणून लिहिलंय. जिवावर बेतेल."

म्हाताऱ्याने मान हलवली. नाही, नाही, नाही. गळ्यातल्या भोकातून शिट्टीसारखा आवाज आला.

"मॅडम," नवा डॉक्टर हळूच म्हणाला, "ही नोंद चुकीची असू शकते का?"

एवढंच हवं होतं. एक "हो". मग बाईंना बारा ठिकाणी जबाब द्यावे लागले असते, नोकरीही गेली असती, पण म्हातारा वाचला असता. बाईंना हे सगळं स्वच्छ कळत होतं. भ्रम नव्हता, घाई नव्हती, राग म्हणावा तर तोही आता थंड झाला होता.

"काय शिकवलंय मी?" त्यांनी विचारलं.

"लाल चौकट आली की थांबायचं."

"आणि?"

"हुशारी करायची नाही."

"मग?"

त्याने मान खाली घातली आणि औषध रद्द केलं. दुसरी बाटली लावायला सांगितली.

पडदा अजून म्हाताऱ्याकडेच वळलेला होता, लाल चौकटही अजून गेली नव्हती. चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरात नोंद करणाऱ्याचं नाव असतं, ते कुणी कधी वाचत नाही. म्हाताऱ्याने वाचलं. मग त्याने बाईंच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, मग तोंड पाहिलं, आणि त्याचे डोळे मोठे झाले. ओळख पटली. इतक्या वर्षांनी का होईना, पटली.

त्याने पेन झडप घालून घेतलं आणि उरलेल्या कागदावर जीव खाऊन लिहिलं. पण घाईत हात आपल्या मूळ वळणावर गेला. कागदभर पुन्हा कोंबडीचे पाय. त्याने तो कागद नव्या डॉक्टरच्या छातीवर दाबला, आणि हात गळून पडला.

"आता हे काय?" डॉक्टर म्हणाला. "मॅडम, बघता का? प्रयत्न तरी करा."

कागदावर बाईंचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, हिने मुद्दाम केलंय, खोटी नोंद, इंजेक्शन द्या.

बाईंनी खिशातून चष्मा काढला. कागद हातभर लांब धरला. म्हाताऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि एका दमात घडाघडा वाचून दाखवलं.

"दमलोय म्हणतो. आता प्रश्न नकोत, झोपू द्या."

"बिचारे," नवा डॉक्टर म्हणाला, आणि त्याने खाटेभोवतीचा पडदा हळूच ओढून घेतला.